आरसा नंतर, आधी समोर बघा

पेणच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताच्या एका पाटीवरून दोन डोळे तुमच्याकडे बघत असत. पाटी दिगूकाका चष्मेवाल्यांची. एक चष्मा काढ आणि चष्म्यामागे डोळे काढ, एवढंच त्यांनी हमरापूरच्या एका रंगाऱ्याला सांगितलं होतं. त्या माणसाचा जन्म गणपतीचे डोळे रेखण्यात गेलेला. त्यानं हाताला सवय होती तेच डोळे काढले, लांबट, शांत, अर्धवट मिटलेले. त्यामुळे प्रत्यक्ष गजानन चष्मा लावून बाजारावर लक्ष ठेवतो आहे असं वाटायचं. जोह्याच्या बायका बसमधून उतरल्या की जाता जाता पाटीला हात जोडत, आणि आतून दिगूकाका हात उंचावून म्हणत, "कल्याण असो! आत ये गो, नंबर तपासतंय."

मी लग्न होऊन नाशिकहून पेणला आले ती चष्म्यासकट. सासूबाईंनी तो चालवून घेतला होता, कारण त्यांच्या मुलानं लग्न ठरवताना त्यांना विचारलंच नव्हतं. आल्या आल्याच माझ्या चष्म्याचा स्क्रू पडला आणि मी त्या पाटीखालून आत शिरले. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, लांब नाक आणि नाकावर काळी फ्रेम असा एक उंच माणूस समोर होता. त्यांनी स्क्रू बसवला, काचा पुसल्या आणि विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग चष्मा कसा देणार?"

बाईमाणसाला एकटीला चष्मा न देण्याची या गावात काही रीत असावी, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी भिंतीवर दणकन थाप मारली. "उस्मान! ए उस्मान! तोंड घेऊन ये रे!"

शेजारचे शिंपी उस्मानभाई गळ्यात टेप आणि कानावर खडू अशा अवतारात आले, माझ्यासमोरच्या लाकडी खुर्चीत बसले आणि फोटोला बसावं तसे स्थिर झाले. दिगूकाकांनी माझ्या नाकावर चष्मा ठेवला, कानामागची दांडी जरा दाबली आणि म्हणाले, "आता समोर बघा."

मी बघितलं. उस्मानभाईंच्या मिशीत पांढरा दोरा अडकला होता. मी तसं सांगितलं.

"बसला चष्मा," दिगूकाका म्हणाले.

मग बोलता बोलता त्यांनी डोळा चोळला, आणि मी दचकले. त्यांचं बोट फ्रेममधून आरपार गेलं होतं. चष्मेवाल्याला मुळात चष्माच नव्हता. नजर कोऱ्या नोटेसारखी स्वच्छ. पण चष्म्याशिवाय बसलं तर गिऱ्हाइकाला भरवसा वाटत नाही, म्हणून ते बिनकाचेची फ्रेम लावून बसत. नवं गिऱ्हाईक आलं की मुद्दाम डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं करत. लहान मुलं रडायची थांबत, मोठी माणसं खुर्चीतून उठत.

दुकानात आरसा होता, पण तो तोंड भिंतीकडे करून टांगलेला. आधी समोरचा माणूस बघायचा, मग आरसा मिळायचा, असा त्यांचा कायदा. "चष्मा दुसऱ्याला बघायला घ्यायचा. स्वतःला बघायला घरी आरसा हाय की," असं ते म्हणत. म्हणून गिऱ्हाइकानं सोबत कोणीतरी आणायचं. नसेल तर उस्मानभाई होतेच. उस्मानभाईंना या नोकरीचा वैताग होता. "अर्ध्या पेणनं नवा नंबर लागल्यावर पैलं माझं थोबाड बघितलंय," ते मला एकदा म्हणाले. "कोण खूश झाल्याचं आठवत नाय." पण थाप ऐकली की शिवण मशीन थांबायचं आणि ते यायचे.

अक्षरांचा तक्ता दिगूकाकांकडे होता, पण तो त्यांना मान्य नव्हता. पहिला प्रश्न असे, "काय बघायचं हाय?" सुईत दोरा ओवायचा असेल तर ते सुई देत, तांदूळ निवडायचे असतील तर ताटलीत तांदूळ. मग नंबर तपासायची जड गोल लोखंडी फ्रेम डोळ्यांवर चढवून एकेक भिंग आत सरकवायचे. "आता बरं, का आधीचं बरं? आता? का आधीचं?" जोह्याची एक आजी मूर्तींच्या मुकुटावर सोनेरी बारीक नक्षी काढायची. तिला जवळचं दिसेना. चष्मा तयार झाला तेव्हा ती सुनेला सोबत घेऊन आली. दिगूकाकांनी चष्मा लावला, आजीला सुनेकडे वळवलं. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगो, ही माझी नवी साडी नेसून आलीस व्हय तू?" सून रडायला लागली, आजी हसायला. चष्मा बसला होता.

फ्रेम मात्र गिऱ्हाइकाच्या मर्जीनं मिळत नसे. बाजारातल्या एका हॉटेलवाल्याला सोनेरी काड्यांची फ्रेम हवी होती. दिगूकाकांनी ती लावून बघितली आणि उतरवली. "नाय देणार. यात तुम्ही कसल्या तरी चौकशीला आल्यासारखे दिसता. लोक भजी टाकून पळतील." मतासाठी उस्मानभाईंना बोलावलं. त्यांनी लांबून बघितलं आणि नुसती मान हलवली. फ्रेम परत कपाटात. हॉटेलवाला तपकिरी फ्रेम घेऊन गेला आणि पुढे आयुष्यभर त्याच आकाराच्या फ्रेमा घेत राहिला.

एका बाबतीत मात्र या वात्रट माणसाच्या तोंडाला कुलूप होतं. कुणाचा नंबर कुणाला सांगायचा नाही. पेणमध्ये तेव्हा चष्म्याचं दुसरं दुकान नव्हतं, त्यामुळे लग्नाच्या मोसमात वरपक्षाची माणसं हळूच येऊन बसत. अमक्यांची मुलगी तुमच्याकडे येते का हो? तिचे डोळे कसे आहेत? दिगूकाका गंभीर होऊन सांगत, "दोन हायत."

मंगळवारी ते रोह्याला जात. आधी एसटीनं, मग रोह्यापर्यंत रेल्वे सुरू झाल्यावर रेल्वेनं, पत्र्याच्या पेटीत भिंगं आणि फ्रेमा भरून. वाटेत कासूला गाडी थांबली की खिडकीतून लोक मोडके चष्मे आत देत आणि परतीच्या गाडीला दुरुस्त करून बाहेर घेत. रोह्यात एका औषधांच्या दुकानाच्या ओसरीवर त्यांची बैठक. म्हणजे पेण आणि रोहा, दोन्ही गावांच्या डोळ्यांची गुपितं एकाच डोक्यात होती. हे आमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

माझी नणंद नीला शाळेत गणित शिकवायची. हुशार, तोंडाची फटकळ, आणि नंबर उणे पाच. चष्मा काढला की तिला माणूस आणि कपाट यांतला फरक हाललं तरच कळायचा. एक स्थळ चष्म्यावरून मोडलं होतं. तेव्हापासून सासूबाईंनी ठरवलं की पुढच्या कार्यक्रमाला चष्मा दिसता कामा नये.

पुढचं स्थळ रोह्याचं होतं. मुलगा सुहास, तिथंच जवळ धाटावला कंपनीत केमिस्ट. नीलाची हिरवी साडी मी नेसवली आणि तिचा चष्मा माझ्या कमरेला खोचून घेतला. स्वयंपाकघर ते बाहेरची खोली, डोळे मिटून चालायची तालीम आम्ही आदल्या दिवसापासून केली होती.

मंडळी आली. मुलगा मामाच्या खांद्यावर हात ठेवून आत आला. मामाभाचे किती जवळचे, असं सासरे माझ्या नवऱ्याच्या कानात म्हणाले. कोपऱ्यात पोह्यांचं पोतं उभं होतं. सासरेही मास्तर; शाळेतून आल्यावर ते आपला कोट त्या पोत्याला घालत आणि वर टोपी ठेवत, ही त्यांची जुनी सवय. मुलगा आला तो थेट पोत्यापाशी गेला, वाकला आणि त्याला नमस्कार केला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अन्नाला नमस्कार करणारं पोर," त्या आत येऊन मला म्हणाल्या. "आताच्या काळात!"

मग नीला बशा घेऊन बाहेर गेली. तिचं सगळं लक्ष उंबऱ्याकडे, त्यामुळे मान खाली. पहिली बशी तिनं मामापुढे धरली, कारण ठळक पांढरा शर्ट त्याचा होता. मुलाची आई खूश. जाताना ती म्हणाली, "पोरीनं एकदापण मान वर केली नाय हो. नायतर आताच्या मुली!"

रोह्याहून होकार आला. आमच्याकडूनही होकार कळवायचा, एवढंच राहिलं. नीला स्वयंपाकघरात येऊन मला विचारू लागली, "वहिनी, मुलगा कसा आहे गं दिसायला?"

"तू बघितलास ना?"

"मला एक पांढरा ठिपका दिसला आणि एक निळा. त्यातला कुठला?"

मी हसले, पण ती हसली नाही. "आई म्हणते, अक्षता पडल्या की सांगू," ती म्हणाली. "म्हणजे फसवलं असंच ना ते? आणि तोवर मी चाचपडत हिंडायचं? चष्म्यासकट नको असेन तर मला त्यांनी आत्ताच नको म्हणावं. एकदा गेल्यावर परत पाठवलं तर मी कुणाला तोंड दाखवू?" ती नेहमीची फटकळ नीला नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दिगूकाकांकडे गेली. डोळ्याच्या आत बसवायचं भिंग मिळतं म्हणतात, ते मला द्या, असं तिनं सांगितलं.

"मिळतं मुंबईला. बुबुळावर बसतं. रोज काढायचं, धुवायचं, लपवायचं. एखाद दिवस मोरीत पडलं की अख्खं सासर गुडघ्यावर."

"मग बिनकाठाची फ्रेम द्या. दिसणार नाही अशी."

"जास्त दिसंल. तुझ्या नंबराची काच कडेला जाड होते. काठ नसला की ती कड लोकांना बाजूनं दिसते, बर्फीसारखी. लहान फ्रेम घ्यायची, काठ जाड घ्यायचा, म्हणजे कड त्यात जाते." त्यांनी काळी लहान फ्रेम काढून तिच्या नाकावर ठेवली. "पण चष्मा दिसणार. चांगला ठळक दिसणार. आणि तुला तोच शोभतो. कुठलं स्थळ हाय?"

"रोह्याचं. सुहास नाव. धाटावला आहेत."

दिगूकाकांनी फ्रेममधून बोट घालून डोळा चोळला. मग दुसरा चोळला. मग हातातली स्वच्छ काच पुसायला घेतली आणि आमच्याकडे पाठ केली. त्यांचे खांदे हालत होते.

"काय झालं काका?"

"धूळ लय झालीय." ते पडद्यामागे गेले. तिथून भिंतीवर थाप ऐकू आली, मग दोघांची कुजबुज, मग उस्मानभाईंचा ठसका. बाहेर आले तेव्हा चेहरा एकदम सरळ. "गुरुवारी दुपारी या. तोवर घरच्यांना होकार नाय, नकार नाय, काय पण कळवू देऊ नका. सोबतीला वहिनी पुरे."

गुरुवारी आम्ही गेलो तर दिगूकाका पायरीवरच उभे होते. "जुना चष्मा दे, त्यावरून दांडीचं माप घेतो," म्हणाले आणि आत शिरण्याआधीच त्यांनी तो नीलाच्या नाकावरून उतरवला. तिला हात धरून बाकावर बसवलं. मी मागून आत आले आणि जागच्या जागी थांबले. समोर उस्मानभाईंच्या खुर्चीत सुहास बसला होता. तोच, आमच्या पोत्याला नमस्कार करणारा. तो सरळ माझ्याकडे बघत होता आणि त्यानं मला ओळखलं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात दिगूकाकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ते पडद्यामागे नाहीसे झाले.

नीलानं समोर बघून मान हलवली. "उस्मानभाई, आज खरं सांगायचं. कशी दिसते ते."

खुर्चीतला माणूस अंग चोरून बसला.

"घाबरू नका. घरी सगळे म्हणतात लपव. मी नाही लपवणार. हा चष्मा लावूनच त्यांच्याकडे रोह्याला जाणार आणि सांगणार, ही मी अशी आहे. नाही म्हणाले तर नाही. निदान नाही म्हणणारा माणूस मला दिसेल तरी. बघायला आले होते तेव्हा नुसता ठिपका दिसला."

समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकला.

"मी उस्मानभाई नाही," तो म्हणाला. "मी पण गिऱ्हाईकच आहे. माझा उणे सात. नेहमी मी एकटाच येतो, घरी चष्म्याचं नाव काढायची सोय नाही. जाड काच बघितली की मुलगी कोण देईल, असं आई म्हणते. मी पण पेणला मुलगी बघायला आलो होतो. चष्मा मामाच्या खिशात. मला एवढंच कळलं की मुलगी हिरवी आहे."

"हिरवी?"

"साडी असेल."

नीलाचा हात पदराकडे गेला. त्याच क्षणी दिगूकाका दोन हातांत दोन चष्मे घेऊन बाहेर आले. एक तिच्या नाकावर, एक त्याच्या. चारही दांड्या कानामागे दाबल्या.

"आता समोर बघा."

दोघांनी बघितलं आणि दोघांचेही हात चष्मा काढायला वर गेले.

"हात खाली!" दिगूकाका ओरडले.

हात खाली आले. इतका वेळ ती दोघं एकमेकांकडे बघत होती की मी आपली कपाटातल्या फ्रेमा बघत राहिले. शेवटी नीलाला काहीतरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "तुम्ही आमच्या पोत्याला नमस्कार केलात."

"ते पोतं होतं?" सुहास म्हणाला. "मला वाटलं आजोबा आहेत. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. मी तेव्हापासून काळजीत आहे."

पडद्यामागून पहिलं हसू फुटलं ते उस्मानभाईंचं. मग आम्ही सगळेच हसलो. नीला हसता हसता रडली आणि सुहासनं तिला विचारलं, "चष्मा असाच राहू दे ना?" ती म्हणाली, "तुमचा राहणार असेल तर."

घरी हे कळल्यावर सासूबाई दिगूकाकांशी भांडायला गेल्या. "तुम्ही सांगितलंत त्यांना!" दिगूकाका शांतपणे म्हणाले, "मी कोणाचा नंबर कोणाला सांगितला नाय वहिनी. गिऱ्हाइकांना तयार चष्मे दिले. एका वेळी आली, त्याला मी काय करणार?" सासूबाईंनी थोडे दिवस अबोला धरला. पण अन्नाला नमस्कार करणारं पोर म्हणून त्यांचं गावभर सांगून झालं होतं, ते परत घेणं अवघड होतं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा दोघांच्या नाकावर चष्मे होते. पहिल्या रांगेतून दिगूकाका उस्मानभाईंना मोठ्यानं म्हणाले, "हा दुसरा खेळ. पैला आपण बघितलाय."

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. पेणमध्ये काचेच्या दारांची चष्म्याची दुकानं आली. त्यांत आरसेच आरसे. दिगूकाकांची पत्नी गेली, मूलबाळ नव्हतंच. दुकान आणि मागची खोली एवढ्यावर ते राहिले. आणि ज्या नजरेचा त्यांना तोरा होता तिच्यावर मोतीबिंदू चढला. अलिबागला ऑपरेशन झालं, नंबर लागला. आपल्याच त्या बिनकाचेच्या फ्रेममध्ये त्यांनी काचा बसवून आणल्या. आणि चष्मा खणात टाकून दिला.

मी विचारायला गेले. शेजारच्या दुकानाला कुलूप होतं. उस्मानभाई जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"लावत का नाही?"

"समोर कोण बसणार?" ते म्हणाले.

"मी बसते."

"तुम्ही नको. तुम्हाला बघून बघून कंटाळलोय," असं म्हणून ते हसले. पण खणाकडे हात गेला नाही. सगळ्या गावाला ज्यानं समोर माणूस बसवून चष्मा दिला, तो एकट्यानं चष्मा लावायला तयार नव्हता. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी रोह्याला फोन केला.

रविवारच्या गाडीनं नीला आणि सुहास आले. दोघांच्याही कानांवरचे केस पांढरे झालेले, चष्मे पूर्वीसारखेच जाड. सुहास काही न विचारता लाकडी खुर्चीत बसला. नीलानं खण उघडला, काचा पुसल्या, चष्मा दिगूकाकांच्या लांब नाकावर ठेवला आणि दांड्या कानामागे दाबल्या.

"आता समोर बघा, काका."

त्यांनी सुहासकडे बघितलं. मग नीलाकडे. मग पुन्हा सुहासकडे. निरखून, वेळ घेऊन, गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम पारखत तसं.

"अरे तिच्या!" ते म्हणाले. "तुम्ही दोघं अशी दिसता व्हय? आणि मी गावभर सांगत सुटलोय, जोडा शोभतो म्हणून!"

आम्ही हसायला लागलो. तेही हसत होते. हसता हसता त्यांनी भिंतीवर दणकन थाप मारली. "उस्मान! ए उस्मान, बघ रे—"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. हात भिंतीवरच राहिला. नीलानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी डोळा पुसायला नेहमीसारखं फ्रेममधून बोट घातलं. ते टक्कन काचेवर आपटलं.

"काच हाय व्हय आता," दिगूकाका म्हणाले.